ॲनेट हॅन्शॉ: १९२६ ची तबकडी आणि शेजारच्या खोलीतून आल्यासारखा आवाज

मंद्रसप्तक

गेल्या महिन्यात एका रात्री 'सीता सिंग्ज द ब्लूज' पाहायला घेतला. २००८ चा ॲनिमेशनपट आहे, इथे बऱ्याच जणांनी पाहिलेला असेल. माझाच राहून गेला होता. नीना पेली या अमेरिकन चित्रकर्तीने तो जवळपास एकहाती, घरच्या संगणकावर केला. त्यात सीता गायला लागली की एका बाईचा आवाज येतो. मला आधी वाटलं, आजच्या कुणा गायिकेने जुन्या ढंगात गायलंय आणि खरखर मागाहून घातली आहे. इतका तो आवाज जवळचा होता. श्रेयनामावली थांबवून नाव वाचलं: ॲनेट हॅन्शॉ. आणि गाणी १९२० च्या दशकातली!

झोपायला तीन वाजले. तेव्हापासून रोज ऐकतोय. आमच्याकडे आता भाजी निवडतानाही तीच चालू असते. जितकं वाचलं, ऐकलं, ते एका जागी लिहून काढावं म्हणून हा धागा.

बाई न्यूयॉर्कच्या. जन्म १८ ऑक्टोबर १९०१. पुष्कळ ठिकाणी १९१० छापलेलं सापडेल आणि त्यावरून 'पंधरा-सोळा वर्षांची पोर गातेय' अशी कौतुकंही वाचायला मिळतील. ते खरं नाही. पुढे घरच्यांनीच जन्मदाखला दाखवला. म्हणजे १९२६ च्या सप्टेंबरात पाथे या तबकड्यांच्या कंपनीसाठी ती पहिल्यांदा गायली तेव्हा चोवीस पुरी करून पंचविशीला टेकली होती. मला हे वय जास्त पटतं. त्या आवाजात कोवळेपणा आहे, पण आपण काय करतोय याची पूर्ण जाण असलेला कोवळेपणा आहे.

पहिल्या तबकडीवर 'ब्लॅक बॉटम' आणि 'सिक्स फीट ऑफ पापा'. तिला हेरलं ते पाथेच्याच हर्मन रोझ यांनी, सगळे वॉली म्हणत. पुढे तिचं लग्नही त्यांच्याशीच झालं. तिच्यामागे वाजवणारी माणसं बघा: गिटारवर एडी लँग, व्हायोलिनवर जो व्हेनुटी, बेस सॅक्सोफोनवर एड्रियन रोलिनी. पुढच्या काही तबकड्यांवर बेनी गुडमन, जॅक टीगार्डन, डॉर्सी बंधू. यातले बहुतेक तेव्हा विशी-पंचविशीतले, मोठं नाव व्हायचं होतं. लँगची गिटार आणि ही बाई एकत्र आली की दोघांनी एकमेकांकडे बघून हळूच मान डोलावली असावी असं वाटत राहतं.

आता मला मुख्य जे सांगायचंय ते. ती गाणं 'सादर' करत नाही. त्या काळच्या कितीतरी गायिका ऐकल्या की समोर थिएटर दिसतं: मागच्या रांगेपर्यंत पोचायचंय, म्हणून छाती भरून, शब्द फेकून गाणं. तेव्हा ते लागायचंच. ध्वनिक्षेपक नव्हता. रेकॉर्डिंगलाही मोठ्या भोंग्यात तोंड घालून गावं लागे, त्या आवाजाच्या दाबाने पडदा हले आणि सुई मेणाच्या जाड चकतीवर रेघ ओढे. हळू गायलं तर रेघच उमटायची नाही. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या मोठ्या कंपन्यांनी मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कानाशी बोलावं तसं गाण्याची सोय झाली. ॲनेट नेमकी त्याच उंबरठ्यावर आली. सोय सगळ्यांनाच झाली होती, पण तिचं काय करायचं ते हिला उपजत कळलं.

'मीन टू मी' ऐका, १९२९ चं. प्रियकर वाईट वागतो अशी तक्रार आहे. दुसरी कुणी असती तर रडली असती. ही रडत नाही, ओरडत नाही, शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते. आपण वाट बघतो, आता येईल, आता येईल, आणि तो शब्द आपल्या अंदाजापेक्षा एक श्वास उशिरा येतो. तेवढ्या फटीत सगळं दुःख मावलेलं असतं. तिच्या पुष्कळ गाण्यांत अशी रचना असते: आधी चाल सरळ सांगायची, मध्ये वाद्यं वाजून जातात, मग परत येताना तीच चाल जराशी वाकवायची. ठुमरी ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एकच ओळ दुसऱ्यांदा आली की तिचा अर्थ सरकलेला असतो.

आणि तिची ती खूण. गाणं संपतं, वाद्यांचा शेवटचा ठोका पडतो आणि ती बोलल्या आवाजात म्हणते: 'दॅट्स ऑल'. एवढंच हं, झालं! हे ठरवून आलेलं नव्हतं. सुरुवातीच्या एका रेकॉर्डिंगला तिच्या तोंडून सहज निघून गेलं आणि कंपनीच्या लोकांना ते आवडलं, राहू दे म्हणाले. पुढे ती तिची सहीच झाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो. तोवर गाणं होतं, त्या दोन शब्दांनी खोलीत माणूस आलं.

१९३२ पासून ती 'मॅक्सवेल हाऊस शो बोट' या रेडिओवरच्या अतिशय गाजलेल्या कार्यक्रमात होती. मंदीत तबकड्यांचा धंदा बसला होता (१९२७ मध्ये अमेरिकेत दहा कोटींच्या वर तबकड्या खपल्या, १९३२ मध्ये साठ लाखांच्या आसपास), त्यामुळे गायकांचं खरं घर रेडिओच झालं होतं. १९३४ मध्ये तिची शेवटची तबकडी निघाली. थोडी वर्षं रेडिओ, आणि मग बाई थांबल्याच. वय पस्तीसच्या आसपास, नाव शिखरावर. नंतर जवळजवळ पन्नास वर्षं जगल्या, १३ मार्च १९८५ ला गेल्या, पण परत व्यासपीठावर आल्या नाहीत. उतारवयातल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलंय की वादकांबरोबर गंमत म्हणून गायला आवडायचं, पण 'कार्यक्रम' म्हटलं की जीव घाबरा व्हायचा. आणि स्वतःच्या बहुतेक तबकड्या त्यांना आवडत नव्हत्या.

हे वाचून मला फार वाईट वाटलं. मी ज्या आवाजापायी रात्री जागतोय तो आवाज तिलाच ऐकवत नव्हता.

इथे जुन्या तबकड्यांचे जाणकार आहेत म्हणून विचारतो. आपल्याकडची अशी कुणी आठवते का, जिच्या तबकडीत गाण्याबरोबर माणूसही ऐकू येतं?

---

फिरकी

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर अगदी समोर आहे: गौहरजान! 'माय नेम इज गौहरजान' हे तबकडीच्या शेवटी ऐकलंच असेल. नोव्हेंबर १९०२, कलकत्ता, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग हॉटेलच्या खोलीत यंत्र लावून बसलेले. तिथे मात्र कारण कामाचं होतं. चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिकडच्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं, लेबल छापायचं तर नाव हवं. म्हणून गायकांना शेवटी नाव सांगायला लावत.

पण बाईंनी ती कामाची ओळ अशी म्हटली आहे की गाण्याचा शेवटचा तुकडाच वाटावा. चोवीस वर्षांनी दुसऱ्या खंडात दुसरी बाई शेवटी बोलते, तिला कुणी सांगितलेलं नसताना. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहिल्या आत्ता. अंगावर काटा आला.

---

मंद्रसप्तक

फिरकी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि आता डोक्यातून जाणार नाही. गौहरजानच्या आवाजात 'मी आहे ही' असा ठसका आहे. ॲनेटच्या आवाजात 'निघते हं मी' आहे.

---

कोरी पाटी

लेख आवडला, पण एक मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. 'जॅझ गायिका' म्हणून हिचं एवढं कौतुक करताना आधीच्या बायकांची नावं आलीच पाहिजेत. १० ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथने 'क्रेझी ब्लूज' गायलं, ओके कंपनीसाठी. कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची ती पहिली तबकडी, आणि ती इतकी खपली की सगळ्या कंपन्या अशा गायिका शोधायला धावल्या. १९२३ मध्ये बेसी स्मिथ आली, कोलंबियावर. एथेल वॉटर्स त्याही आधीची. 'ॲम आय ब्लू' हे गाणं ॲनेटचं म्हणून तुम्ही ऐकत असाल, पण ते लोकांपुढे आणलं एथेल वॉटर्सने, १९२९ च्या एका बोलपटात.

या बायकांच्या तबकड्या कंपन्या 'रेस रेकॉर्ड' म्हणून वेगळ्या यादीत, वेगळ्या वस्तीत विकायच्या. ॲनेट गोरी, त्यामुळे तिला रेडिओवरचे मोठे कार्यक्रम सहज खुले. ठेक्याच्या मागे गाणं, चाल वाकवणं हे तिने आकाशातून आणलेलं नाही. ते त्या लोकांकडून आलेलं आहे. हे न सांगता नुसतं 'उपजत कळलं' म्हणणं मला खटकलं.

आणि खरं सांगायचं तर ती जॅझपेक्षा पॉप गायिका आहे. चांगली आहे, गोड आहे, पण बेसी स्मिथ नाही.

---

मंद्रसप्तक

कोरी पाटी, तुमचं म्हणणं मान्य आहे. हे लेखातच यायला हवं होतं, 'उपजत' हा शब्द मी घाईने वापरला.

यात भर घालतो. ज्या एडी लँगचं मी कौतुक केलं तो १९२९ मध्ये बेसी स्मिथच्या 'किचन मॅन'मागेही वाजवतोय. लॉनी जॉन्सन या थोर कृष्णवर्णीय गिटारवादकाबरोबर त्याने जुगलबंद्या वाजवल्या, पण लेबलवर त्याचं नाव 'ब्लाइंड विली डन' असं छापलं, गोरा आणि काळा एकत्र वाजवतायत हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. स्टुडिओच्या बंद खोलीत माणसं एकत्र होती, लेबलवर वेगळी.

नावांचा विषय निघालाच आहे तर ॲनेटचीही लेबलांवर अनेक नावं आहेत. गे एलिस, डॉट डेअर, पॅट्सी यंग, लीला सँडफर्ड, सगळी तीच. तिचं कारण निव्वळ धंद्याचं. हार्मनी, व्हेल्व्हेट टोन आणि दिवा ही कोलंबियाची स्वस्त लेबलं होती. मूळ कोलंबिया पाऊण डॉलरला, हार्मनी अर्ध्या डॉलरला. तेच नाव दोन्हींवर कसं छापणार? आणि या स्वस्त लेबलांसाठी कंपनी जुनी भोंग्याची यंत्रंच वापरत राहिली, मायक्रोफोन येऊन चार वर्षं झाली तरी. म्हणजे 'गे एलिस' म्हणून गाताना ती बरेचदा भोंग्यासमोर उभी होती. तरी आवाज तसाच जवळचा. माझा मायक्रोफोनचा सिद्धांत त्यामुळे थोडा लंगडा पडतो हेही कबूल करतो. यंत्राहून मोठा भाग तिचाच असणार.

डॉट डेअर आणि पॅट्सी यंग या नावांनी ती हेलन केनची नक्कल करायची, ती 'बूप-बूप-ए-डूप' वाली. नक्कल हुबेहूब आहे, पण मला ती गाणी फारशी भावत नाहीत. तिथे ती लपते.

जॅझ की पॉप या वादात मी पडत नाही. बेसी स्मिथ ऐकताना मी मान खाली घालून बसतो. ॲनेट ऐकताना मान वर करून दाराकडे बघतो, कुणी आलं का म्हणून. मला दोन्ही हवंय.

---

रंधा

मी सुतारकाम करणाऱ्या घरातला, गाण्यातलं फार कळत नाही. पण या तबकड्या कशाच्या असतात ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

लाखेच्या. आमच्याकडे आजोबा चपडा (शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी फडक्याच्या बोळ्याने लाकडावर फिरवायचे, तोच चपडा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणजे चपडा, दगडाची बारीक भुकटी, थोडा कापसाचा तंतू आणि काजळी. गरम करून लगदा करायचा आणि साच्यात दाबायचा. भुकटी मुद्दाम घालत. तबकडी कडक होते आणि खोबणीला पोलादी सुई घासून ती बसती होते. म्हणूनच एका बाजूला एक सुई, मग टाकून द्यायची. जी खरखर ऐकू येते ती त्या दगडाची.

आता मजेची गोष्ट. त्या काळी जगातली जवळजवळ सगळी लाख हिंदुस्थानातून जायची. छोटा नागपूरचा पट्टा, रांचीकडे, पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर किडा लाख धरतो, आदिवासी ती खरवडून आणतात. मिर्झापूरला तिचा चपडा व्हायचा. म्हणजे या तुमच्या न्यूयॉर्कच्या बाईंचा आवाज ज्यावर कोरला गेला त्यात आपल्याकडच्या झाडांची लाख असण्याचा संभव फार मोठा आहे.

आजोबांच्या हाताला चपड्याचा वास असायचा. तबकडी जुनी असली आणि उन्हात थोडी तापली तर तोच वास येतो. घरी असेल तर घेऊन बघा. फार तापवू नका मात्र, वाकते.

---

फिरकी

रंधा, काय प्रतिसाद दिलात! यावर स्वतंत्र धागा काढाच.

---

मांडवीकाठ

मंद्रसप्तक, आमच्या घरात असलं संगीत नवीन नाही म्हणून दोन शब्द.

आजोबा ट्रंपेट वाजवायचे. गोव्यात तेव्हा चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवायचा, व्हायोलिन तर हातात द्यायचाच. त्या शिक्षणावर आमची माणसं मुंबईला गेली, हॉटेलांत, क्लबांत, मूकपटांच्या पडद्याखाली, पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात आला, मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. आजोबा सांगायचे, कागदावर लिहिलेलं सगळं वाचता यायचं, पण जे कागदावर नाही ते या लोकांकडे बघून कळलं. कोरी पाटी म्हणतात ते आम्ही अशा वाटेने शिकलो.

तुम्ही 'शब्द एक श्वास उशिरा' म्हणालात ना, आजोबा नेमकं त्यालाच धरून बसायचे. चर्चमधली शिस्त ठोक्यावर यायला लावते. डान्स बँडमध्ये ठोक्यावर आलास तर बोंबललं! हाताने टेबलावर ठेका धरायचे आणि तोंडाने चाल म्हणायचे, हात पुढे आणि तोंड मागे. आम्हा पोरांना काही जमायचं नाही. काल ॲनेटचं 'डॅडी वोन्ट यू प्लीज कम होम' लावलं आणि नकळत टेबलावर हात गेला.

---

ओवीकर

मी गाण्यापेक्षा चित्रपटाबद्दल लिहिते. मी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा राम ज्या पद्धतीने दाखवलाय ते मनाला लागलं, अर्ध्यातून बंद केला होता. अनेकांनी त्यावर जाहीर आक्षेपही घेतले होते. दुसऱ्यांदा पाहिला तो माझ्या आजीच्या ओव्या उतरवून काढत होते त्या दिवसांत, आणि एकदम उलगडा झाला.

आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेचा वनवास किती गायलाय! रामाची पूजाही त्याच करतात आणि सीतेच्या वाट्याला जे आलं त्याचा जाबही त्याच रामाला विचारतात. पहाटे, अंधारात, दळणाच्या घरघरीत. सीतामाई त्यांना देवी कमी आणि सासुरवाशीण जास्त. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे, तिथे ती एकटी आहे, शेजारी राम नाही. एका वाक्यात सगळं सांगणारं देऊळ आहे ते.

नीना पेलीचं लग्न मोडलं ते असंच. नवऱ्याला त्रिवेंद्रमला काम मिळालं, ही तिकडे गेली, रामायण तिथेच पहिल्यांदा भेटलं. कामासाठी न्यूयॉर्कला आली असताना नवऱ्याचा ईमेल आला की परत येऊ नकोस. त्या दिवसांत तबकड्या जमवणाऱ्या एका माणसाच्या घरी तिने ॲनेटचा आवाज ऐकला. तिला त्या आवाजात सीता दिसली. माझ्या आजीला दिसली असती का ठाऊक नाही, पण अशोकवनातली सीता ते 'डॅडी'चं गाणं म्हणते तेव्हा मला जातं ऐकू आलं. दळताना बाई रडत नाही. हात चालू असतो. ही पण रडत नाही हे तुम्ही लिहिलंत, ते मला फार पटलं.

---

मंद्रसप्तक

ओवीकर, तुमचा प्रतिसाद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तिने ओव्या मागितल्या आहेत. आजीच्या ज्या उतरवल्यात त्या इथे कधी द्याल का?

---

ओवीकर

देते. आईला विचारून, वहीची पानं नीट लावून देते.

---

चिकूवाडी

हा चित्रपट फुकट पाहता येतो असं ऐकलं. कायदेशीर आहे ना? आणि ही गाणी डाउनलोड केली तर चालतील का?

---

फिरकी

चित्रपट नक्की कायदेशीर. त्याच्या हक्कांची कथाही वेगळीच आहे. ॲनेटच्या ध्वनिमुद्रणांची अडचण नव्हती, पण त्या गाण्यांच्या शब्दांचे आणि चालींचे हक्क कंपन्यांकडे शिल्लक होते. त्यांनी आधी सुमारे २,२०,००० डॉलर सांगितले. घासाघीस होऊन ५०,००० वर आलं, तेही अटी घालून. पेलीने कर्ज काढून ते भरले आणि मग २००९ मध्ये चित्रपट सगळ्यांना मोकळा करून टाकला. २०१३ मध्ये तर उरलेसुरले हक्कही सोडले. इंटरनेट अर्काइव्हवर आहे.

ध्वनिमुद्रणांचं म्हणाल तर भारतात मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं, ती कधीच उलटली. अमेरिकेत कायदा बदलल्यापासून त्या काळच्या तबकड्यांना १०० वर्षं आहेत. म्हणजे ॲनेटची १९२६ ची पहिली तबकडी तिकडे १ जानेवारी २०२७ ला मोकळी होईल, मग दर वर्षी पुढची. गाण्याच्या चाली-शब्दांचा हिशोब पुन्हा वेगळा, पण नुसतं ऐकायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

---

चिकूवाडी

धन्यवाद. सुरुवात कुठून करू? इंग्रजी गाणी कळत नाहीत पटकन.

---

मंद्रसप्तक

शब्दांची चिंता करू नका, तिचे उच्चार लख्ख आहेत, दुसऱ्या वेळी आपोआप कळतात. आधी 'मीन टू मी'. मग 'डॅडी वोन्ट यू प्लीज कम होम', ज्यात ती खेळते. मग 'लव्हर कम बॅक टू मी'. मन जरा जड असेल त्या दिवशी 'मोनिन लो' राखून ठेवा, ते सकाळी ऐकायचं गाणं नाही. हेडफोन लावू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला छोटा स्पीकर ठेवा आणि आवाज कमी ठेवा. हे मी करून पाहिलंय, फरक पडतो. तिच्या गाण्याची खोलीला सवय झाली पाहिजे.

---

चिकूवाडी

'मीन टू मी' ऐकलं. आई स्वयंपाकघरातून विचारत होती कोण आलंय.

---

कोरी पाटी

काल रात्री मीही नीट बसून ऐकली, पंधरा-वीस गाणी. 'पॉप गायिका' हे माझं विधान थोडं घाईचं होतं. १९२७ ची लँग-व्हेनुटी-रोलिनीबरोबरची गाणी निखळ जॅझ आहेत, तिथे ती चौथं वाद्य होते. बाकीच्या मुद्द्यांवर मी ठाम आहे. आणि मंद्रसप्तक, तुम्ही बेसी स्मिथचं 'किचन मॅन' आणि हिचं एखादं गाणं, दोन्हीकडे लँग आहे, असं जोडीने ऐकून लिहा. गिटार दोन्हीकडे काय वेगळं करते ते मला वाचायचंय.

---

मंद्रसप्तक

घेतलं मनावर. पंधरा दिवस द्या.

---

न्यूजर्सीकर

धागा दोन दिवस वाचतेय, आज लिहितेच. तिच्या घरच्यांचं तबकड्यांचं दुकान माउंट किस्कोला होतं, 'मेलडी शॉप' नाव. ते गाव आमच्यापासून फार लांब नाही, गाडीने जाण्यासारखं आहे. दरवर्षी पानगळीआधीची रंगीत पानं बघायला त्या रस्त्याने जातो आणि मला हे माहीत नव्हतं!

पण खरं लिहायचं कारण दुसरं. चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजीबाईंनी घर आवरायला काढलं तेव्हा त्यांनी मला तबकड्यांचं एक खोकं दिलं. 'तू गाणारी आहेस, तुला असू दे' म्हणाल्या. मी हार्मोनियमवर भजनं म्हणते तेवढीच, पण नाही म्हणवलं नाही. तळघरात पडून आहे. मंद्रसप्तक यांनी लेबलं आणि नावं लिहिली ते वाचल्यापासून मन तिथेच आहे. रात्री उतरून बघते.

---

फिरकी

बघा आणि लगेच कळवा. तबकडी दोन्ही हातांनी कडेला धरा, चपटी उचलू नका, तडकते.

---

न्यूजर्सीकर

सापडली.

खोक्यात एकतीस निघाल्या. बहुतेक नाचाचे बँड, दोन चर्चची गाणी, एक फुटलेली. तळातून तिसरी, खाकी कागदाच्या पाकिटात, वर 'हार्मनी' आणि खाली बारीक अक्षरात 'गे एलिस'. गाण्याचं नाव अर्धं घासलं गेलंय, ते मला लागलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी हातात आली असती तर कोण ही गे एलिस म्हणून परत ठेवली असती.

मुलाने त्याचं टर्नटेबल दिलं, ते ७८ वर फिरतं, आणि त्याची जाड सुई वेगळी मिळते ती त्याच्याकडे होती. काठापासून अर्धा इंचभर केसाएवढी चीर आहे, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक फेरीला टक-टक येतं. ते थांबलं आणि ती आली. रंधा, मी वासही घेऊन पाहिला. आमच्या सांगलीच्या घरातल्या जुन्या शिसवी कपाटाचा वास.

दुसऱ्या बाजूला भलताच बँड आहे, तो नुसता वाजवतो. रविवारी मुलगा घरी असेल तेव्हा पुन्हा लावून रेकॉर्ड करते आणि इथे टाकते. कोणतं गाणं आहे ते तुम्ही ओळखा.